आई-बाबांसोबत चियांग माईचा रविवार बाजार: देवळाच्या आवारातलं खाणं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायलंडला आई-बाबांना घेऊन निघालेले ओळखीचे लोक एकच गोष्ट फिरून फिरून विचारतात: चियांग माईच्या रविवारच्या बाजारात त्यांना काय खायला घालू? पदार्थांची यादी पाठ करून जायची गरज नाही. बरोबर साठी-सत्तरीचं माणूस असेल तर आधी बसायची जागा शोधायची, पदार्थांचं नंतर बघायचं. ही जागा रस्त्यावर मिळत नाही, ती देवळाच्या आवारात मिळते. खालची बहुतेक उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

हा बाजार नेमका कुठे आणि कधी भरतो?

चियांग माईच्या जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे. पूर्वेच्या था फे दरवाजापासून पश्चिमेला वाट फ्रा सिंग (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ) या मोठ्या देवळाच्या दिशेने जाणारा राचदम्नोन रस्ता दर रविवारी दुपारी चारच्या सुमारास वाहनांसाठी बंद होतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत तिथे बाजार चालतो. लांबी साधारण एक किलोमीटर, शिवाय आजूबाजूच्या गल्ल्या. रस्त्यावर मुख्यतः कापड, लाकूडकाम, कागदी दिवे, साबण असला माल. खाणं मात्र रस्त्याला लागून असलेल्या देवळांच्या अंगणात एकवटलेलं असतं. था फेकडून आत शिरलं की थोड्याच अंतरावर वाट फान ओन लागतं. सोनेरी चैत्याच्या पायथ्याशी स्टॉल, मध्ये टेबलं आणि बाकं. आई-बाबांना थेट तिथे न्या, उरलेला बाजार नंतर.

शनिवारी खंदकाच्या दक्षिणेला वुआलाय रस्त्यावर असाच बाजार भरतो. ती चांदीकाम करणाऱ्यांची जुनी वस्ती. वाट श्री सुफान हे चांदी आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेलं देऊळही तिथेच आहे.

देवळाच्या आवारात डुकराचं मांस विकतात, हे खरं का? आईला कसं सांगू?

खरं आहे, आणि आधीच सांगा. तिथे पोचल्यावर अचानक तिच्या नजरेला पडायला नको.

थायलंडमधल्या बौद्ध धर्माच्या थेरवाद परंपरेत भिक्षूंनी भिक्षापात्रात पडेल ते खायचं असतं. खास आपल्यासाठी प्राणी मारला नसेल तर मांसही चालतं, काही ठराविक प्राण्यांचं मात्र वर्ज्य. दुपारनंतर भिक्षू जेवत नाहीत, त्यामुळे संध्याकाळचा हा सगळा पसारा गृहस्थांचाच. देवळाच्या अंगणात जत्रा भरवायची आणि त्यातून देखभालीला पैसे उभे करायचे, ही तिकडची जुनी रीत आहे. दारूला मात्र कायद्यानेच बंदी आहे. देवळाच्या हद्दीत ती विकताही येत नाही, पिताही येत नाही. रस्त्यावरून बिअरचा कॅन हातात घेऊन आत येऊ नका.

काही आया हे ऐकून खांदे उडवतात, काहींना ते शेवटपर्यंत पटत नाही. पटवायला जाऊ नका. शेगडीकडे पाठ होईल अशी खुर्ची द्या, बस.

आई शुद्ध शाकाहारी आहे. तिला काही मिळेल का?

मिळेल, पण डोळे मिटून नाही. थाई स्वयंपाकात माशाचं खारं पाणी, म्हणजे नाम प्ला, हे मिठाच्या जागी वापरतात. भाजी परतताना ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, पडतो, वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. ताटात नुसती कोबी-गाजराची भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी ठरत नाही. विक्रेता खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे मांस नाही.

यावर उपाय आहे ‘जे’. चिनी वंशाच्या बौद्धांकडून आलेली ही शाकाहाराची पद्धत. यात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, आणि लसूण-कांदाही नाही. स्टॉलवर पिवळ्या कागदावर किंवा झेंड्यावर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेला असतो. दुरून तो इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या सतरासारखा दिसतो. आईला ही खूण दाखवून ठेवा, मग ती स्वतःच शोधत फिरते. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरातल्या माणसांना ‘जे’ फार सोयीचं. जैनांना मात्र पूर्ण चालेल असं नाही, कारण बटाटा, गाजर, मुळा त्यात सर्रास असतात.

‘मांगसाविरात’ हाही शब्द ऐकू येईल. तो सैलसर शाकाहार आहे, त्यात अंडं-दूध चालतं आणि नाम प्लाबद्दल खात्री नसते.

बोलायला ही चार वाक्यं पुरतात. ‘किन जे’ म्हणजे ‘जे’ खातो. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे माशाचं पाणी घालू नका. ‘माय साय खाय’, अंडं नको. ‘माय साय कुंग’, कोळंबी नको. पुरुषाने शेवटी ‘ख्राप’ म्हणायचं, बाईने ‘खा’.

बहुधा निर्धोक निघणाऱ्या गोष्टी: कापलेली फळं, कोळशावर भाजलेली केळी आणि रताळी, नारळाच्या दुधात मुरवलेला चिकट भात आणि आंबा, शहाळं, उसाचा रस, नारळाचं आइस्क्रीम. खानोम क्रोकही घ्या. आपल्या आप्पेपात्रासारख्याच खळग्यांच्या लोखंडी भांड्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध ओतून करतात. कडा कुरकुरीत, मध्यभागी जवळजवळ खिरीसारखं मऊ. वर कधी मका, कधी कांद्याची पात. आप्पे करणाऱ्या कुठल्याही बाईला त्या स्टॉलसमोरून हलवणं अवघड आहे, तेवढा वेळ धरून ठेवा.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते. काही मुलं आईला नाम प्लाबद्दल सांगतच नाहीत, ‘तिला कळणार आहे का’ म्हणून. हे करू नका. तिच्या ताटात काय आहे हे ठरवायचा अधिकार तिचा आहे. आणि त्याच कढईत, त्याच झाऱ्याने केलेलं चालणार नसेल, तर बाजारात फक्त फळं, भाजलेलं आणि गोड एवढंच धरा. जेवण आधी एखाद्या ‘जे’ किंवा भारतीय हॉटेलात उरकून या.

शाकाहाराचा उत्सव असतो म्हणतात, तो कधी?

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस. बहुतेक वर्षी हे दिवस आपल्या शारदीय नवरात्राशीच जुळतात. २०२३ आणि २०२४ मध्ये दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले. २०२५ मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना आला आणि उत्सव नवरात्रापेक्षा महिनाभर पुढे गेला. म्हणून तिकिटं काढण्याआधी दोन्ही तारखा ताडून बघा. त्या नऊ दिवसांत पिवळे झेंडे सगळीकडे दिसतात आणि शाकाहारी माणसाचे हाल संपतात. सर्वांत मोठा थाट फुकेतला असतो, पण चियांग माईतही स्टॉल वाढतात. नवरात्राचे उपवास धरणाऱ्यांनी मात्र गोंधळू नये. ‘जे’मध्ये तांदूळ, नूडल्स, सोयाबीन सगळं असतं.

वार, उपवास, संकष्टी?

बाजार रविवारचा, त्यामुळे बहुतेक घरांत वाराची अडचण येत नाही. संकष्टी किंवा एकादशी रविवारीच पडत नाही ना, हे घरून निघतानाच कालनिर्णयात बघून ठेवा.

उपवासाला साबुदाणा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. नारळाच्या दुधातली साबुदाण्याची गोड खीर मिळते, ती ठीक. पण साखू साय मू या नावाचे पारदर्शक, गोल, वाफवलेले गोळे असतात. दिसायला साबुदाण्याचे, आणि आहेतही साबुदाण्याचेच. आत डुकराचं मांस आणि शेंगदाण्याचं गोडसर सारण. ‘मू’ हा शब्द लक्षात ठेवा, तो डुकरासाठी आहे. ‘काय’ म्हणजे कोंबडी, ‘नुआ’ म्हणजे गोमांस, ‘प्ला’ म्हणजे मासा.

मांसावर तुळस घालतात का?

हो. क्रपाव नावाचा जो पाला लसूण-मिरचीबरोबर मांसात परततात, ती आपल्या वृंदावनातली तुळसच आहे. थोडी वेगळ्या वासाची, पण वनस्पती तीच. कार्तिकात तुळशीचं लग्न लावणाऱ्या आईला हे बघून कसंसंच होतं. तिला नको असेल तर ‘क्रपाव’ ऐकलं की पुढच्या स्टॉलला जायचं. गोड हिरवी तुळस, होरापा, ही वेगळी. ती सब्जाच्या जातीतली.

बाबा सगळं खातात. त्यांना काय द्यावं?

उत्तरेच्या लान्ना भागातलं खाणं द्या, बँकॉकमध्येही मिळतं ते नको. पाद थाई, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, कुठेही मिळेल.

साय उआ हे डुकराच्या मांसाचं सॉसेज, त्यात गवती चहा, मकरूट लिंबाची पानं, हळद, मिरची. वेटोळं करून कोळशावर भाजतात आणि कापून देतात. त्याच्याबरोबर नाम प्रिक नुम घ्या: भाजलेल्या लांब हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे खलबत्त्यात कुटलेले. ठेचा खाणाऱ्या माणसाला याची ओळख करून द्यावी लागत नाही. मात्र त्यातही माशाचा अंश असतो. खायचं चिकट भाताबरोबर. तो बांबूच्या टोपलीत वाफवलेला असतो, हाताने छोटा गोळा करून बुडवून खातात. हाताने खाताना बाबांनी संकोचायचं कारण नाही, उत्तरेत तशीच पद्धत आहे.

खाव सोय ही नारळाच्या दुधाच्या पिवळसर रश्शातली अंड्याची नूडल्स, वर तळलेल्या नूडल्सचा चुरा, बाजूला मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चा कांदा आणि लिंबू. ही कोंबडीचीही असते आणि गोमांसाचीही, म्हणून मागताना ‘काय’ म्हणायला विसरू नका. खानोम चिन नाम न्गियाव हा आंबटसर टोमॅटोचा रस्सा. त्यात काटेसावरीच्या फुलांचे वाळवलेले केसर घालतात. सह्याद्रीत ही फुलं झाडाखाली पडून वाया जातात, तिकडे ती बाजारात विकत मिळतात. पण याच रश्श्यात डुकराच्या रक्ताचे गोठवलेले चौकोनी तुकडे असतात. बाबांना आधी सांगा आणि मग त्यांचं त्यांना ठरवू द्या. आमच्याकडचे एक काका दोनदा घेऊन बसले.

तळलेले नाकतोडे आणि रेशमाचे किडे दिसतील. फोटो काढायचा असेल तर एक पुडी विकत घ्या, नुसते फोटो काढलेले विक्रेत्यांना आवडत नाहीत.

तिखट झेपेल का?

‘आम्हाला तिखटाचं काय’ असं म्हणणारे बाबा सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीसमोर गप्प होतात. आपलं तिखट बहुधा फोडणीत शिजलेलं असतं, हे कच्च्या लवंगी मिरचीचं, लिंबाच्या आंबटात भिजलेलं. विक्रेती खलबत्त्यात मिरच्या टाकताना किती हव्यात विचारते. बोटाने एक दाखवा. ‘माय फेत’ म्हणजे तिखट नको. आम्लपित्त असेल तर रिकाम्या पोटी सोम ताम नकोच. त्यात कच्चा खारवलेला खेकडा किंवा आंबवलेल्या माशाचं पाणी घातलेला प्रकारही मिळतो, तो वयस्कर माणसांनी टाळावा.

पोट बिघडेल का?

समोर शिजतंय, गरम मिळतंय आणि रांग हलतेय असा स्टॉल निवडा. नारळाच्या दुधाचं गोड संध्याकाळी लवकर खा, रात्री उशिरा नको. मध्ये भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो सहसा चालतो. पाणी बाटलीचंच. रोजच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा.

मधुमेह, रक्तदाब आहे.

आंबा आणि चिकट भात हा साखर, नारळ आणि स्टार्च यांचा एकत्र मारा आहे. एक डबा तिघांत घ्या. सरबतं फार गोड असतात, ‘वान नोय’ म्हटलं की साखर कमी घालतात. गोकर्णाचं निळं सरबत लिंबू पिळताच जांभळं होतं, ते आईला नक्की दाखवा. बेलफळाचं मातूमही मिळतं. रक्तदाबवाल्यांनी रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत पिऊ नये, नाम प्ला म्हणजे मीठच. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर पाद थाई आणि सोम ताम दोन्ही बाद.

गुडघे दुखतात. एवढं चालणं, बसणं, स्वच्छतागृह?

साडेचारपर्यंत पोचा. साडेसहानंतर रस्त्यावर माणसाला माणूस घासतं आणि आवारातली बाकं भरतात. आई-बाबांना टेबलावर बसवा, एकाने त्यांच्यापाशी थांबायचं, दुसऱ्याने पदार्थ आणायचे. एकावेळी एकच बशी आणा. चार बशा एकदम आल्या की सगळं गार होतं आणि म्हाताऱ्यांना उगाच संपवायची घाई होते. पण बसवून ठेवलंय म्हणजे त्यांना काही बघायचं नाही असंही नाही. एक फेरी त्यांनाच मारू द्या आणि बोट दाखवून त्यांनाच निवडू द्या.

बरोबर सहा वाजता ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत लागतं आणि अख्खा बाजार जागच्या जागी थांबतो. आपणही थांबायचं, बसला असाल तर उभं राहायचं. आधी सांगितलेलं नसेल तर आई घाबरते, काय झालं म्हणून.

पायांची मालिश करणाऱ्या खुर्च्या रस्त्याकडेला आणि देवळांच्या आवारात मांडलेल्या असतात. अर्ध्या तासाची घ्या. आई ‘कशाला उगाच’ म्हणेल. तरी घ्या.

देवळांत स्वच्छतागृहं असतात, काही ठिकाणी थोडे पैसे पडतात. पाण्याचा फवारा जवळपास सगळीकडे असतो, ही मोठीच सोय. काही मात्र भारतीय पद्धतीची असतात, म्हणून गुडघ्यांसाठी आधी एकाने बघून यावं.

परतीला लाल सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाकं असलेली गाडी, बाजाराच्या आत येत नाही. तिची पायरी उंच असते. चालकाशेजारची पुढची जागा मागा, किंवा ॲपवरून मोटार बोलवा आणि ती खंदकाकाठच्या रस्त्यावर घ्या.

किती पैसे लागतात?

बशा छोट्या आणि बऱ्याच पदार्थांचे भाव चाळीस ते साठ बाटच्या आसपास. खानोम क्रोक, फळं याहून स्वस्त. स्थानिक लोक क्यूआर कोडने पैसे देतात, पण आपलं यूपीआय तिथे धरून चालू नका. वीस आणि शंभरच्या नोटा ठेवा. खाण्यात घासाघीस नाही. ती हौस आईला कापडाच्या स्टॉलवर भागवू द्या, तिथे हसत हसत थोडं कमी होतं.

कपडे आणि वागणं?

अंगणात खाताना फार नियम नाहीत. मुख्य विहारात जायचं तर खांदे-गुडघे झाकलेले, चपला बाहेर, खाणं बाहेर. मूर्तीकडे पाय करून बसू नये. बाईने भिक्षूला स्पर्श करू नये, वस्तूही थेट त्याच्या हातात देऊ नये. साडीतली आई या सगळ्यात आपोआप बसते.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते जानेवारी. संध्याकाळी हवा गार असते, पातळ शाल लागते. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जाळल्याच्या धुराने हवा अतिशय खराब होते. दमा असलेल्या आई-बाबांना त्या दिवसांत नेऊच नका, आंब्याचा हंगाम तेव्हाच असला तरी. यी पेंग आणि लोय क्रथोंग हे दिव्यांचे सण बहुधा आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेलाच येतात. सुंदर असतात, पण गर्दीही तशीच. वयस्कर माणसं असतील तर त्याच्या आधीचा किंवा नंतरचा रविवार धरा.

आम्ही फक्त बँकॉकलाच जाणार आहोत.

लोय क्रथोंगच्या सुमारास वाट साकेत, म्हणजे सोनेरी टेकडीच्या देवळाची जुनी जत्रा भरते. टेकडीला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, पण खाणं पायथ्याशी असतं. इतर वेळी बँकॉकजवळच्या नाखोन पाथोम प्रांतातलं वाट दोन वाय बघा. था चिन नदीकाठी देवळाला लागून बाजार आहे, तो दिवसा भरतो आणि मसाल्यात शिजवलेल्या बदकासाठी ओळखला जातो.

अमेरिकेत राहतो, आई-बाबा इकडे आलेत. इथे असं काही आहे का?

आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या थाई देवळात रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत खाणं मिळतं. लॉस एंजेलिसच्या वाट थायमध्ये शनिवार-रविवारी. दोन्हीकडे आधी पैसे देऊन टोकन घ्यायची आणि स्टॉलवर टोकन द्यायची. भूक बघून टोकन घ्या. बर्कलीत बरेचसे काम स्वयंसेवक करतात आणि उत्पन्न देवळाला जातं. नाम प्लाचे वरचे सगळे प्रश्न तिथेही विचारावे लागतात, फक्त इंग्रजीत विचारता येतात.

आणि आईला काहीच आवडलं नाही तर?

पिशवीत चिवडा आणि दोन लाडू ठेवा. आवारात आपलं आणलेलं खाल्लं तर सहसा कुणी काही म्हणत नाही. फक्त टेबल एखाद्या स्टॉलचं असेल तर त्या स्टॉलवरून निदान एक शहाळं घ्या.